अर्धा किलोमीटर पाणी

‘‘ट्रायथलॉन? तू? अरे, मागच्या गणपतीत आरतीला अर्धा तास उभा राहिलास, तर दोन दिवस कंबर धरून बसला होतास!’’

ही आमच्या सौ.ची पहिली प्रतिक्रिया. दुसरी चिरंजीवांची. वय वर्षे बारा. ते म्हणाले, ‘‘बाबा, त्यात पोहायचं पण असतं. तुला तर धड येत नाही.’’ आठ वर्षांची लेक मात्र काहीच बोलली नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली. ती का बोलली नाही हे आम्हाला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे. ते ओघाने येईलच.

आधी थोडी ओळख. आम्ही २००४ साली मास्टर्स करायला आखेनला आलो. दोन वर्षांत डिग्री घेऊन परत जायचं हे पक्कं ठरलं होतं. (आपल्या मंडळात असं पक्कं न ठरवलेलं कुणी असेल तर हात वर करावा.) आता न्यूर्नबर्गजवळ राहतो, मोटारींचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. आखेनला आलो तेव्हा वजन ६१ किलो होतं, २०२३ साली ८३ झालं. व्यायाम म्हणजे हिवाळ्यात दारातला बर्फ काढणं आणि उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीला खुर्च्या उचलणं.

पण आम्ही राहतो तो फ्रँकोनिया प्रांत ट्रायथलॉनवाल्यांचं पंढरपूर आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, मध्ये न थांबता. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईत पहिली ‘आयर्नमॅन’ झाली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरॅथॉन. १५ जणांनी सुरुवात केली, १२ जणांनी पूर्ण केली. आमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या रोट या छोट्या गावात १९८४ पासून ट्रायथलॉन होते. तिथेच १९९६ साली लोथार लेडर या जर्मन माणसाने हे पूर्ण अंतर जगात प्रथमच आठ तासांच्या आत कापलं. आपल्या मिलिंद सोमणने २०१५ साली, पन्नाशीला काही महिने उरले असताना, झुरिचला हेच अंतर १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केलं, ते तुम्ही वाचलं असेलच.

२५ जून २०२३ या रविवारी शेजारचे पेन्शनर काका आम्हा चौघांना रोटची शर्यत बघायला घेऊन गेले. हे काका सत्तरीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, तरी रोज सायकलवर. हिल्पोल्टश्टाइनच्या ‘सोलारर बेर्ग’ या चढावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी गर्दी, की सायकलवाल्यांना मधून जायला जेमतेम हातभर वाट. ढोल, घंटा, आरडाओरडा, अगदी आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीसारखं. त्या दिवशी डेन्मार्कच्या माग्नुस डिटलेवने ७ तास २४ मिनिटांत आणि स्वित्झर्लंडच्या डॅनिएला रिफने ८ तास ८ मिनिटांत शर्यत जिंकून दोघांनीही नवे उच्चांक केले. पण आमच्या लक्षात राहिली ती मागून, खूप मागून आलेली एक बाई. पन्नाशीची असावी. तिची दोन मुलं पुठ्ठ्यावर काहीतरी लिहून उभी होती. ती चढावर थांबली, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, केळं घेतलं आणि परत चढायला लागली. आम्ही जोरजोरात टाळ्या वाजवल्या, ब्रेटझेल खाल्लं आणि घरी आलो. आपण असं काही करावं, हे स्वप्नातसुद्धा आलं नाही.

आता ते ऑगस्टचं.

न्यूर्नबर्गच्या दक्षिणेला ब्रोमबाखझे नावाचं मोठं तळं आहे. तळं कसलं, धरणच. बव्हेरियाच्या दक्षिणेकडचं डॅन्यूब खोऱ्यातलं पाणी उत्तरेच्या कोरड्या माइन खोऱ्याकडे वळवायचं, असं तिथल्या विधानसभेने १९७० साली ठरवलं. त्यातून ही सगळी तळी तयार झाली. कोयना-उजनीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं. काठावर छान वाळू टाकलेली आहे. आम्ही धपाटे, दही, कलिंगड असा सरंजाम घेऊन गेलो होतो. लेक हवेच्या गादीवर बसून काठाशी खेळत होती. वारा जमिनीकडून पाण्याकडे होता. आम्ही कलिंगड कापलं, मान वर केली, तर गादी तीस-पस्तीस मीटर आत गेलेली.

आम्ही धावत पाण्यात शिरलो. कमरेपर्यंत पाणी आलं, मग छातीपर्यंत. आणि तिथे आमचे पाय थांबले. लेक ‘‘बाबा, ये ना’’ म्हणत होती. रडत नव्हती, नुसती बोलावत होती. आम्ही तिला ‘‘हलू नकोस, बसून राहा’’ एवढंच ओरडून सांगत होतो. एक पाऊल पुढे पडेना. तेवढ्यात बाजूने पांढऱ्या केसांच्या एक आजी संथपणे पोहत गेल्या, गादीची दोरी धरली आणि तितक्याच संथपणे तिला घेऊन आल्या. आम्ही आभार मानले, तर हसून ‘‘काही नाही हो’’ म्हणाल्या आणि परत पोहायला गेल्या. सगळं मिळून चार-पाच मिनिटं.

हवेच्या गादीवर विसंबू नये, हे इथल्या मुलांना पोहण्याच्या पहिल्या धड्यातच शिकवतात. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, कारण आम्हाला पाण्याजवळ कधी जाऊच दिलं नव्हतं. आमच्या आईचा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यातल्या आजोळच्या विहिरीत गेला. १९६८ साल, तो तेरा वर्षांचा होता. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मोठ्या मुलांबरोबर पोहायला शिकत होता, डब्याची दोरी सुटली. आईने ते कधी पूर्ण सांगितलं नाही. आम्हाला फक्त नियम माहीत होता : पाण्यात जायचं नाही. सांगलीत कृष्णेच्या काठी वाढलो, आयर्विन पुलावरून पोरं उड्या मारताना बघितली, पण आम्ही काठावर चपला सांभाळत बसलो. पुढे आखेनला मित्रांबरोबर गेलो तेव्हाही उथळ बाजूला कठड्याला धरून गप्पा मारल्या. वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी लेकीच्या लक्षात आलं.

परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. रात्री आम्ही इथल्या फोल्क्सहोखशूलेचं, म्हणजे प्रौढांच्या लोकशाळेचं, पुस्तक काढलं आणि ‘प्रौढांसाठी पोहणे, पहिली पायरी’ या वर्गात नाव घातलं. ऑक्टोबरपासून दर मंगळवारी रात्री आठ वाजता.

वर्गात आम्ही आठ जण. एक तुर्की आजी, दोन सीरियन भाऊ, एक जर्मन बसड्रायव्हर, आणखी तिघी आणि आम्ही. शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची. पहिल्या दिवशी एकच काम : तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. हातात मास्टर्सची डिग्री, नावावर एक पेटंट, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी आम्ही बुडबुडे काढतोय!

पण त्या बुडबुड्यांतच सगळी गोम आहे, हे नंतर कळलं. न पोहता येणारा माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. मग वर तोंड काढलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी श्वास सोडायचा आणि मग घ्यायचा, हे जमत नाही. जीव घुसमटतो तो बहुतेक वेळा प्राणवायू संपला म्हणून नाही, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. पाण्यात असताना सतत थोडा थोडा श्वास सोडत राहिलं, की वर फक्त घेण्याचं काम उरतं. दुसरी गोष्ट पायांची. छातीत हवा, म्हणून छाती तरंगते. मांड्या जड, म्हणून पाय खाली जातात. भीतीने मान वर काढली की पाय आणखी खाली जातात, आणि माणूस पाण्यात उभा राहून चालल्यासारखा पुढे ढकलायला बघतो. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट, ते कुठलं जाऊ देतंय? म्हणून मान खाली घालायची. इंजिनियरला हे कागदावर पाच मिनिटांत पटतं. मानेला पटायला सहा आठवडे लागले.

डिसेंबरात आम्ही ‘झेपफेर्डशेन’ मिळवलं. झेपफेर्डशेन म्हणजे समुद्रघोडा. इथल्या बालवाडीतल्या मुलांना मिळणारा पहिला बिल्ला. काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं, आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची वस्तू वर काढणं. लेकीकडे तो आधीच होता. तिने आमच्या पोहण्याच्या चड्डीवर आमचा बिल्ला स्वतः शिवून दिला. जरा वाकडा आहे, पण उसवू दिलेला नाही. (इथे पालकांसाठी एक सूचना : समुद्रघोडा मिळाला म्हणजे मूल पोहायला शिकलं, असं समजू नये. इथली जीवरक्षक संघटना डीएलआरजी सांगते, की ब्राँझचा बिल्ला मिळाल्यावरच मूल भरवशाचं पोहणारं झालं म्हणायचं. त्यांच्या २०२२ च्या पाहणीत प्राथमिक शाळेच्या वयाच्या पाच मुलांपैकी एकाला पोहता येत नव्हतं. २०१७ मध्ये हे प्रमाण दहांत एक होतं. करोनाच्या काळात तलाव बंद राहिले, त्याचा हा फटका.)

जानेवारीत शेजारच्या काकांनी एक कागद आणून दिला. जुलैत तासाभरावरच्या एका गावात ‘फोल्क्सट्रायथलॉन’ होती. फोल्क्स म्हणजे आम जनतेची : ५०० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. काका म्हणाले, ‘‘तारीख नसली की माणूस पंचवीस मीटरवरच थांबतो.’’ आम्ही सही करून टाकली. आणि मग घरात तो संवाद झाला, ज्याने हा लेख सुरू झाला.

सौ. पुढे म्हणाली, ‘‘बरं. किती तास लागतील आठवड्याला?’’

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठवड्याचे तास १६८. झोप ४९, नोकरी ४०, जेवणाच्या सुट्ट्या ५, जाण्यायेण्याचे साडेसात. उरले साडेसहासष्ट. त्यातले फक्त पाच हवेत! आम्ही विजयी मुद्रेने कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने पेन्सिल घेतली आणि त्या साडेसहासष्टांत तिचं चालू केलं. स्वयंपाक, बाजार, कपडे, मुलांचा अभ्यास, फुटबॉल, पोहण्याचा क्लास, दंतवैद्य, शाळेच्या सभा, आणि मंडळाची कामं, जी आपण ‘जरा जाऊन येतो’ म्हणून चार तास करतो. मग तिने आणखी एक ओळ लिहिली : ‘माझी परीक्षा’.

आमची सौ. फार्मासिस्ट. भारतात चांगली नोकरी होती. इथे परवाना मिळवायला आधी औषधशास्त्रातल्या जर्मनची तोंडी-लेखी परीक्षा द्यावी लागते, मग विषयाची. मुलं लहान होती म्हणून हे दहा वर्षं मागे पडत गेलं. मार्चमध्ये ती पहिली परीक्षा देणार होती. ‘‘हे बघ,’’ ती म्हणाली, ‘‘तुझे पाच तास आकाशातून पडणार नाहीत. ते माझ्यातूनच येणार. घे, पण मग मलाही पाच दे.’’

ठरलं. पाच तिचे, पाच आमचे. कागद फ्रिजवर लावला.

फेब्रुवारीपर्यंत ठीक चाललं. पण नवशिक्याला लागतं ते वेड आम्हाला लागलं. पाचाचे सात झाले. ऑफिसमधून परस्पर तलावावर जायचं आणि घरी ‘मीटिंग लांबली’ म्हणायचं, इथपर्यंत मजल गेली. धावण्याचं अंतर एका आठवड्यात दुप्पट केलं, गुडघा सुजला, तर त्याला शेक देण्यात आणखी वेळ. आणि मार्चच्या शेवटी सौ.चा निकाल आला. नापास. थोडक्यात, पण नापास.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, ‘‘माझे तास तू पाण्यात घातलेस.’’

मराठीत यापेक्षा नेमकं वाक्य आमच्या ऐकण्यात नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन सांगितलं की नाव काढून घेतो. काकांनी विचारलं, ‘‘बायकोने सांगितलं का नाव काढायला?’’ नव्हतं सांगितलं. घरी येऊन आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, ‘‘नाव काढून माझी परीक्षा परत येणार आहे का? पोरगी तुझ्याकडे बघतेय. पोहणं सोडायचं नाही. फक्त खोटं बोलायचं नाही आणि शनिवार माझा.’’

त्या दिवसापासून फ्रिजवर नवा कागद लागला, आणि आमचं खरं प्रशिक्षण सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. आपल्यासारख्या संसारी माणसांना उपयोगी पडेल म्हणून तो तपशील देतो.

सायकलला वेगळा वेळ काढायचा नाही. ऑफिस १४ किलोमीटरवर. आठवड्यातून दोनदा सायकलने जायचं-यायचं. सायकल दहा वर्षं जुनी, मागे लेकीच्या बाळखुर्चीचे स्क्रू अजून तसेच. वाऱ्यापावसात भिजलो, पण गाडीपेक्षा फक्त वीस मिनिटं जास्त लागली. धावायचं ते चिरंजीवांच्या फुटबॉलच्या वेळी, मैदानाभोवती. इतर बाप गाडीत बसून मोबाइल बघतात तेवढ्यात पाच किलोमीटर होतात. सुरुवात दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, अशी. अंतर आठवड्याला जरा जरा वाढवायचं, दुप्पट करायचं नाही, हे गुडघ्याने शिकवलंच होतं. पोहायचं ते लेकीच्या क्लासच्या वेळी, शेजारच्या पट्ट्यात. महिन्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच वीस मिनिटं पळायचं, याला इथे ‘कोपेल ट्रेनिंग’ म्हणतात. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय आपले नसून दुसऱ्या कुणाचे उसने आणलेत असं वाटलं. आणि सगळ्यात आधी डॉक्टरकडे गेलो. पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी इथल्या सरकारी आरोग्यविम्यातून तपासणी होते, ती आम्ही कधी केलीच नव्हती. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो, तेव्हा ट्रायथलॉन करा न करा, ही तपासणी कराच. आमचं कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘शर्यत नसती तरी मी तुम्हाला पळायलाच सांगितलं असतं.’’

शनिवारी सौ. सकाळी नऊला पुस्तकं घेऊन गावच्या वाचनालयात जायची, दोनला यायची. घर, स्वयंपाक, मुलं आमच्याकडे. आमटी बिघडली, लेकीच्या वेण्या बिघडल्या, पण शनिवार मोडला नाही.

एक गोष्ट मात्र अजून लपवलेली होती. सांगलीला आईला काही सांगितलं नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. आम्ही हवापाण्यावर बोलायचो, यातलं ‘पाणी’ वगळून. एप्रिलमध्ये एका रविवारी चिरंजीव मध्येच घुसले. ‘‘आजी, बाबा पोहतो आता! आधी नुसते बुडबुडे काढायचा!’’

पलीकडे शांतता. आम्हाला वाटलं, नेट गेलं. मग आईने विचारलं, ‘‘किती खोल आहे?’’

‘‘दोन मीटर, आई. आणि काठावर माणूस असतो, शिट्टी घेऊन.’’

‘‘बरं,’’ एवढंच म्हणून तिने फोन वहिनीकडे दिला. पुढच्या रविवारी तिने आपण होऊन विचारलं, ‘‘आता किती पोहतोस?’’ मग दर रविवारी. शंभर मीटर, दोनशे, साडेतीनशे. आम्हाला वाटतं, तो आकडा ती वहीत लिहून ठेवत असावी. जूनमध्ये एकदा ती हळूच म्हणाली, ‘‘आमच्या वेळेला असं कुणी धड शिकवणारं असतं, तर.’’ वाक्य तिने पुरं केलं नाही. आम्हीही केलं नाही. पण छप्पन्न वर्षांत मामाबद्दल तिने आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द होता.

जुलैतला तो रविवार. पहाटे साडेपाचला डब्यात दहीपोहे, मागे सायकल बांधलेली, चौघं निघालो. सायकली लावायच्या मैदानात आमच्या शेजारी एक चकचकीत सायकल होती, तिची किंमत आमच्या गाडीएवढी असावी. तिच्या मालकाने आमच्या सायकलच्या बाळखुर्चीच्या स्क्रूंकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘माझ्याकडेही होती अशी.’’ तेवढ्याने धीर आला. नियम सांगितले गेले : हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, रेषेपर्यंत सायकल हातात धरून चालवायची, दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. आणि पाण्यात दम लागला तर जीवरक्षकांच्या फळीला धरून थांबलं तरी चालेल, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

शिट्टी वाजली. दीडशे माणसांचे हातपाय. आम्ही मुद्दाम सर्वांत मागे राहिलो, तरी एक लाथ बसलीच. तलावात तळाची निळी रेघ दिसते, इथे हिरवा अंधार. शंभर मीटरवर श्वास सुटला. बुडबुडे विसरलो, मान वर आली, पाय खाली गेले, आणि छातीएवढ्या पाण्यातला तो ऑगस्ट परत आला. फरक एवढाच, की इथे पायाखाली काही नव्हतं.

आम्ही हात वर केला. फळीवरची एक पोरगेलीशी मुलगी आली. म्हणाली, ‘‘धरा. घाई नाही. श्वास सोडा.’’ घ्या नाही म्हणाली, सोडा म्हणाली. आम्ही फळीला धरून वीसेक वेळा पाण्यात श्वास सोडला. तुर्की आजी आठवल्या, त्या वर्गात नेहमी आमच्याआधी पलीकडे पोचायच्या. मग काठावर बघितलं. माणसं मुंगीएवढी, पण लेकीचा पिवळा फ्रॉक दिसत होता. फळी सोडली. क्रॉल जमेना, तर सरळ ब्रेस्टस्ट्रोक घेतला. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की देखणं पोहायला हवं. उरलेले चारशे मीटर बेडकासारखे गेलो. पण गेलो. १७ मिनिटं ४० सेकंद.

काठावर लेक गुडघाभर पाण्यात आली होती. तिने ‘‘बाबा, ये ना’’ म्हटलं. अगदी त्याच आवाजात, का आम्हाला तसं वाटलं, कोण जाणे. या वेळी आम्ही आलो.

सायकल आणि धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओली चड्डी, त्यावर वाकडा समुद्रघोडा, मोजे घालायला तीन मिनिटं लागली म्हणून चिरंजीव कुंपणापलीकडून ओरडत होते. सायकल ४९ मिनिटं. धावताना शेवटच्या किलोमीटरला सौ. आमच्याबरोबर रस्त्याकडेने चालत होती. होय, चालत. आम्ही धावत होतो, ती चालत होती, आणि आम्ही बरोबरीने पोचलो. एकूण १ तास ५० मिनिटं ४० सेकंद. शेवटून चौथे. आमच्यामागे एक काका होते ते ७६ वर्षांचे, हे आम्ही इथे नमूद करायला नको होतं, पण चिरंजीव मंडळात सगळीकडे सांगत सुटले आहेत.

आईला फोन लावला. ती रात्रीपासून जागीच होती म्हणे. ‘‘बाहेर आलास ना?’’ एवढंच तिने विचारलं. किती वेळ लागला, कितवा आलास, काही नाही. आलो म्हटल्यावर म्हणाली, ‘‘आता पोरीला पण नीट शिकव.’’

दुसऱ्याच आठवड्यात काका पुढच्या वर्षीचा कागद घेऊन हजर. आम्ही तो फ्रिजवरही लावला नाही. जुलै ते नोव्हेंबर आमचे पाचही तास सौ.च्या नावावर जमा केले. घेतलेलं व्याजासकट द्यायला हवं होतं. नोव्हेंबरात तिने भाषेची परीक्षा पुन्हा दिली आणि पास झाली. त्या संध्याकाळी मुलांनी तिच्यासाठीही पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत पाटी केली होती, रोटच्या टेकडीवर बघितली होती तशी. दुसरी परीक्षा अजून बाकी आहे, आणि ती आमच्या अर्ध्या किलोमीटरपेक्षा पुष्कळ लांब पल्ल्याची आहे. आता काठावर उभं राहून टाळ्या वाजवायची पाळी आमची.

वाचकहो, तुम्ही ट्रायथलॉन करा, असा आमचा आग्रह नाही. पण आपल्या मंडळात पोहता न येणारी आणि ते लपवणारी बरीच मंडळी आहेत, हे सहलीला गेल्यावर तळ्याच्या काठी दिसतं. सगळे ‘आज मूड नाही’ म्हणून कलिंगड कापत बसतात. आम्हीही वीस वर्षं तेच केलं. जर्मनीत २०२४ साली किमान ४११ माणसं बुडून गेली, त्यांतली बरीचशी अशाच नद्या-तळ्यांत. तेव्हा लोकशाळेचं पुस्तक काढा, नाव घाला. बुडबुडे काढायला लाज वाटली तर आमची आठवण काढा.

आणि जाता जाता एक खुलासा. धावला एकटा, पोहला एकटा, आणि लेखभर ‘आम्ही, आम्ही’ कशाला, असं सौ.ने मसुदा वाचून विचारलं. आम्ही फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर चौघांची अक्षरं आहेत.